शास्त्र आणि संसार : न फोडतां आंतलें कसें जाणावें ?

शेरभर लोखंड जड कीं शेरभर कापूस जड, हा प्रश्न लहानपणीं ज्याला कोणी घातला नाहीं असा मनुष्य विरळा. मुलगा घाईनें 'लोखंड' म्हणून मोकळा होतो, घरांतील मोठीं माणसें हंसतात, आणि गोष्ट तेथेंच संपते. वस्तुतः ती तेथें संपूं नये. मुलाचें उत्तर चुकलें हें खरें. परंतु त्याच्या मनांत एक बरोबर कल्पना घोळत असते, तिचें नांव मात्र त्याला ठाऊक नसतें. सारख्याच आकाराचे दोन गोळे, एक लोखंडाचा व एक कापसाचा, हातांत घेतले तर कोणता जड लागेल हें तो अनुभवानें जाणतो. सारख्या जागेंत किती वजन सामावलें आहे, याच गोष्टीला शास्त्रांत घनता असें म्हणतात.

एक घनसेंटिमीटर पाण्याचें वजन एक ग्रॅम भरतें, म्हणून पाण्याची घनता १ मानून तिच्याशीं इतर पदार्थांची तुलना करण्याचा प्रघात आहे. त्या मानानें संगमरवर सुमारें २.७, लोखंड ७.९, तांबें ९ च्या किंचित खालीं, चांदी १०.५, शिसें ११.३ आणि शुद्ध सोनें १९.३. उलट बर्फ ०.९२ व सागवान ०.६५ च्या आसपास. म्हणूनच हे दोन्ही पदार्थ पाण्यावर तरंगतात. शुद्ध धातूची घनता ठरलेली असल्यामुळें ती त्या धातूची जणूं खूणच होय. ही खूण वस्तु न कापतां, न घासतां, न वितळवितां पाहतां येते, हें तिचें महत्त्व. परंतु ती कोठवर विश्वासार्ह आहे आणि कोठें फसविते, हें समजणेंही तितकेंच महत्त्वाचें.

हा विषय या महिन्यास निवडण्यास कारण एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांच्या घरीं सासूबाईंच्या मागें दागिन्यांची वांटणी व्हावयाची आहे. पाटल्यांचे दोन जोड आहेत. दोन्ही वजनास बरोबर, नक्षीही एकच, परंतु एक जोड हाताला किंचित जाड लागतो. तो आंतून पोकळ आहे, लाखेनें भरलेला आहे, कीं हिणकस आहे, अशी शंका निघाली. आणि अशी शंका एकदां निघाली म्हणजे, इतकीं वर्षें किल्ली कोणाच्या कमरेला होती, हा दुसरा प्रश्न कोणी न बोलतांच घरांत फिरूं लागतो. पाटल्या कापून पाहण्यास कोणाचेंच मन घेत नाहीं. "न कापतां कांहीं कळेल काय?" असें त्या विचारतात. कळेल, पण काय कळेल आणि काय कळणार नाहीं, हें दोन्ही सांगितल्याशिवाय उत्तर पुरें व्हावयाचें नाहीं.

घनता काढण्यास दोनच गोष्टी लागतात : वस्तूचें वजन आणि तिचें आकारमान. पहिलीस दुसरीनें भागलें कीं झालें. वजनाची अडचण नाहीं. तराजू सर्वत्र आहे. अडचण आकारमानाची. विटेची लांबी, रुंदी व जाडी मोजून त्यांचा गुणाकार शाळेंतील मुलगाही करील. पण नक्षीदार पाटली, डोळ्याडोळ्यांचा बटाटा, देव्हाऱ्यांतील बाळकृष्ण किंवा समुद्रकांठचा शंख यांस पट्टी कोठें लावावयाची? येथें पाणी आपल्या मदतीस येतें. पाण्याला स्वतःचा आकार नसल्यामुळें कोणत्याही वांकड्यातिकड्या वस्तूच्या कानाकोपऱ्यांत तें बिनचूक शिरतें, आणि वस्तु जेवढी, तेवढीच जागा तिला सोडून देतें.

या संबंधांत सिराक्यूज नगरीच्या आर्किमिडीजची कथा सर्वश्रुत आहे. राजा हायरो यानें करविलेल्या सुवर्णमुकुटांत सोनारानें चांदी मिसळली कीं काय, हें मुकुट न मोडतां ओळखावयाचें होतें; स्नानाच्या वेळीं टांकींतून पाणी सांडतांना पाहून त्याला युक्ति सुचली, असें व्हिट्रुव्हियस या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेवलें आहे. आर्किमिडीज इ. स. पूर्वी २१२ मध्यें मारला गेला. व्हिट्रुव्हियस त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं लिहीत होता. तेव्हां कथेचा अक्षरशः खरेपणा बाजूस ठेवून, सांडलेल्या पाण्यावरून हें काम साधेल काय, तेवढेंच आपण पाहूं. समजा, मुकुट एक हजार ग्रॅमचा आहे. शुद्ध सोन्याचा असल्यास तो सुमारें ५२ घनसेंटिमीटर पाणी बाजूस सारील. त्यांत तीनशें ग्रॅम चांदी घातली असल्यास सुमारें ६५. फरक अवघा तेरा घनसेंटिमीटरांचा, म्हणजे दोन-तीन चमचे पाण्याचा. वीतभर रुंदीच्या भांड्यांत एवढ्यानें पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही चढत नाहीं. शिवाय ओलें होऊन भांड्याच्या कांठाला चिकटून राहिलेलें पाणी निराळेंच. डोळ्यानें हा भेद पाहणें कठीण.

म्हणून सांडलेलें पाणी मोजण्यापेक्षां पाण्याचा रेटा तोलणें अधिक चांगलें. पाण्यांत बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतें, आणि तो रेटा त्या वस्तूनें बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, हा सिद्धांत आर्किमिडीजच्याच ग्रंथांत आहे. गॅलिलिओ बावीस वर्षांचा असतांना, १५८६ मध्यें, त्यानें या विषयावर 'लहान तराजू' अशा अर्थाच्या नांवाचा एक छोटा निबंध लिहिला, आणि आर्किमिडीजनें मुकुट पाण्यांत धरूनच तोलला असावा असें मत मांडलें. तराजूला तेरा ग्रॅमांचा फरक सहज दिसतो.

आज हा प्रयोग स्वयंपाकघरांत करतां येतो. पदार्थ तोलण्याचा बॅटरीवर चालणारा अंकदर्शक काटा अनेक घरीं आलेला आहे. मात्र तो ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा असावा. प्रथम पाटल्या कोरड्या तोलून वजन लिहून घ्यावें. नंतर एक भांडें पाण्यानें पाऊणभर भरून काट्यावर ठेवावें आणि बटण दाबून आंकडा शून्यावर आणावा. पाटल्यांस बारीक दोरा बांधून त्या पाण्यांत पूर्ण बुडतील अशा सोडाव्या. परंतु त्या बुडाला किंवा भांड्याच्या बाजूला टेंकूं देऊं नयेत. हात थरथरतो, म्हणून दोऱ्याचें वरचें टोंक दोन बाजूंस पुस्तकांच्या चळती रचून त्यांवर आडव्या ठेवलेल्या लाटण्याला बांधणें बरें. आतां काट्यावर जो आंकडा दिसेल, तितके घनसेंटिमीटर पाटल्यांचें आकारमान. पाटल्यांचें वजन तर दोरा तोलून धरीत आहे, मग काटा कां सरकला, असें कोणी विचारील. पाणी पाटल्यांना जितक्या जोरानें वर ढकलतें, तितक्याच जोरानें पाटल्या पाण्याला खालीं दाबतात, आणि तो दाब भांड्याच्या बुडांतून काट्याला पोंचतो. वाचकांनीं पाण्यांत नुसतें बोट बुडवून पाहावें. बोट बुडाला न लागतांही आंकडा चढतो. मुलांना याची मोठी मौज वाटते.

आतां प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं. बावीस कॅरट सोन्यांत चांदी व तांबें थोडें असतें, त्यामुळें त्याची घनता १९.३ नसून १७.७ च्या आसपास येते. समजा, प्रत्येक जोडाचें वजन ५३.१ ग्रॅम आहे. बारीक जोड पाण्यांत सोडल्यावर काट्यानें ३.० दाखविलें, तर घनता १७.७, जोड भरीव व उत्तम. जाड जोडानें ४.५ दाखविलें, तर घनता ११.८. येथपर्यंत शास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे : हे दोन जोड सारखे नाहींत.

परंतु 'सारखे नाहींत' याचा अर्थ 'दुसरा खोटा' असा घेण्याची घाई करूं नये. ११.८ ही संख्या निदान तीन प्रकारांनीं येऊं शकते. पहिला प्रकार असा कीं, जोड बावीस कॅरटचाच आहे, परंतु आंतून पोकळ असून त्याच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा नुसती हवा आहे. हवेला वजन नसल्यासारखेंच. तेव्हां सगळे ५३.१ ग्रॅम सोन्याचेच, आणि ज्याच्या वांटणीस हा जोड जाईल त्याचें कांहींच बुडालें नाहीं. दुसरा प्रकार असा कीं, पोकळींत लाख आहे. लाख पाण्याहून फारशी जड नसते. म्हणून तिचें वजन या जोडांत दोनएक ग्रॅमच भरेल, व सोनें तितकेंच कमी. असे लाख भरलेले दागिने पूर्वी राजरोस केले जात. त्यांत लबाडी नव्हती, काटकसर होती. तिसरा प्रकार मात्र निराळा : जोड भरीवच आहे, पण धातु हिणकस असून त्यांत सोनें वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेंच, बाकी चांदी व तांबें. संख्या एकच, पण पहिल्या प्रकारांत वांटणी बरोबर, दुसऱ्यांत जवळजवळ बरोबर, आणि तिसऱ्यांत मोठें नुकसान. कोणता प्रकार खरा, हें काटा सांगत नाहीं. तो सबंध वस्तूची सरासरी तेवढी जाणतो.

याकरितां दुसरा साक्षीदार लागतो. सोनाराची कसोटी वरच्या सोन्याचा कस सांगते. आजकालचें क्ष-किरणांचें यंत्रही दागिन्याला ओरखडा न काढतां तेंच सांगतें. परंतु या दोहोंस पृष्ठभागच दिसतो, पोटांतलें दिसत नाहीं. वरचें सोनें बावीस कॅरटचें निघालें आणि सरासरी घनता ११.८ आली, तर या दोन साक्षी जोडून 'बाहेर उत्तम सोनें, आंत पोकळी किंवा हलकी भर' असें अनुमान बळकट होतें. वरचाच कस उतरला, तर तिसरा प्रकार संभवतो. तरीही, वर जाड सोन्याचा पत्रा व आंत दुसरा धातु, ही शक्यता उरतेच. म्हणून आमची सूचना अशी कीं, दोन्ही मोजमापें घरांतील सर्वांच्या समक्ष व्हावीं, आंकडे एका कागदावर लिहावे, आणि मग विश्वासू पारख्याचें मत घ्यावें. एका संख्येवरून जिन्नसाविषयीं शंका घेणें योग्य. माणसाविषयीं शंका घेणें योग्य नव्हे. पाटली चाळीस वर्षांपूर्वी घडतांनाच पोकळ घडविली असेल, तर ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांचा यांत काय दोष?

प्रयोग करणाऱ्यांसाठीं चार इशारेही येथेंच देतों. पहिला, काट्याच्या सूक्ष्मतेचा. काटा एकेक ग्रॅमच दाखवीत असेल, तर वरील उदाहरणांतील '३' हा आंकडा २.५ पासून ३.५ पर्यंत कांहींही असूं शकतो, आणि घनता १५ ते २१ यांच्यामध्यें कोठेंही पडते. असें उत्तर निरुपयोगी. नथ, कुडीं अशा लहान जिनसांस ही रीत या कारणामुळें लावूं नये. दुसरा, हवेच्या बुडबुड्यांचा. नक्षीच्या खांचांत ते अडकले तर आकारमान फुगतें आणि चांगलें सोनें हलकें ठरतें. पाटल्या पाण्यांत हलवून बुडबुडे काढावे. तिसरा, पाण्यांत सोडल्यावर आंकडा हळूहळू उतरूं लागला, तर कोठें तरी बारीक छिद्रांतून पाणी आंत शिरत आहे असें समजावें व जिन्नस तत्काळ बाहेर काढावा. चौथा, मोत्यांचे, कुंदनाचे किंवा दोऱ्यांत गुंफलेले दागिने पाण्यांत मुळींच घालूं नयेत. आणि टंगस्टन या धातूची घनता १९.२५, म्हणजे शुद्ध सोन्याच्या अगदीं जवळ असल्यामुळें, सोन्याच्या विटेबाबत केवळ घनतेवर विसंबूं नये. नवीन खरेदी करणाऱ्यांस इतका खटाटोप नको. हॉलमार्कची सक्ती असलेल्या जिल्ह्यांत १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचा दागिना सहा अक्षर-अंकांच्या स्वतंत्र खुणेशिवाय विकतां येत नाहीं. ती खूण पाहून घ्यावी.

ज्या वस्तु पाण्यांत बुडत नाहींत किंवा पाण्यानें बिघडतात, त्यांचीही सोय आहे. लांकडाचा तुकडा बारीक सुईनें दाबून बुडवावा, व काट्यावरील आंकडा तसाच वाचावा. लांकूड पाणी पीत असेल तर त्यावर आधीं मेणाचा पातळ हात द्यावा. पावाला किंवा लाडवाला पाणी चालत नाहीं, तेथें मोहरी चालते. डबा मोहरीनें शिगोशीग भरून कांठाशीं सपाट करावा, मोहरी काढून घ्यावी, डब्यांत लाडू ठेवून वरून पुन्हां मोहरी भरावी; जी शिल्लक राहील तिचें माप तेंच लाडवाचें आकारमान. पाव भाजण्याच्या धंद्यांत पाव किती फुगला हें पाहण्यासाठीं मोहरीच्याच जातीचें बीं वापरून हीच रीत करतात.

आतांपर्यंतची वस्तु भांड्यांत मावत होती. जी मावत नाहीं किंवा तराजूवर चढत नाहीं, तिचें काय? दगडी पाटा किंवा जुनी घंटा असेल तर हंडा, पिंप अथवा हौद घ्यावा. वस्तु बुडवून पाण्याच्या पातळीवर खूण करावी, वस्तु काढावी, आणि मापानें पाणी ओतीत पुन्हां खुणेपर्यंत आणावें. जितकें ओतलें तितकें आकारमान. भांडें वस्तूच्या मानानें अरुंद असावें, हें ध्यानांत ठेवावें. एक मीटर लांब-रुंद हौदांत दहा लिटर आकारमानाचा दगड टाकला तरी पाणी एकच सेंटिमीटर चढतें.

वजनाची अडचणही पाणीच सोडवितें. पुण्याजवळ भीमा व इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर आहे. सतराव्या शतकांत आदिलशाहीचा वजीर मुरार जगदेव यास हत्तीच्या भारंभार दान करावयाचें होतें. तेव्हां हत्ती नावेंत चढवून पाणी जेथवर आलें तेथें खूण करावी, मग हत्ती उतरवून नाव त्याच खुणेपर्यंत बुडेतों दगड भरावे, अशी युक्ति शहाजी राजांनीं सुचविली, व त्या तुळेवरून गांवास हें नांव पडलें, असें परंपरेनें सांगतात. याच युक्तीची कथा चीनमध्यें त्साव छोंग या राजपुत्राच्या नांवें प्रसिद्ध आहे. नावेनें हत्तीचें वजन सांगितलें; घनतेचा अंदाज मात्र हत्ती स्वतःच देतो. तो उत्तम पोहणारा प्राणी असून पोहतांना माथा व सोंड सोडून त्याचें बहुतेक अंग पाण्याखालीं असतें. यावरून, छातींत भरलेल्या हवेसह त्याची घनता पाण्याहून थोडीशीच कमी, हें उघड आहे.

मनुष्याचें शरीरही असेंच पाण्याच्या सीमेवर आहे. चरबीची घनता ०.९ आणि चरबी वगळून उरलेल्या शरीराची १.१ च्या सुमारास असते. म्हणून सबंध शरीराच्या घनतेवरून चरबीचें प्रमाण काढतां येतें. अमेरिकन नौदलाचे डॉक्टर बेन्के यांनीं १९४२ मध्यें माणसांना पाण्याखालीं तोलून दाखविलें कीं, वजनाच्या कोष्टकांप्रमाणें लठ्ठ ठरणारे कित्येक फुटबॉल खेळाडू चरबीनें नव्हे, स्नायूंनीं जड होते. कोष्टकानें त्यांस लष्कराच्या नोकरीला अपात्र ठरविलें असतें. या तोलण्यांतही पाटलीचीच अडचण येते : श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत हवा उरते, ती निराळी मोजून वजा न केल्यास सडपातळ मनुष्यही स्थूल ठरावयाचा.

याहूनही मोठी वस्तु म्हणजे डोंगर. त्याला बुडविण्यास हौद नाहीं व उचलण्यास नाव नाहीं. परंतु डोंगर ओळंब्याला आपल्याकडे किंचित ओढतो, आणि पृथ्वी त्याला खालीं ओढते. या दोन ओढींचें प्रमाण कळलें, डोंगराचें आकारमान मोजलें आणि त्याचे दगड तोलले, तर सबंध पृथ्वीची घनता निघते. १७७४ मध्यें मॅस्केलीन या ज्योतिषानें स्कॉटलंडांतील शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंस तंबू ठोकून ओळंब्याचा कल ताऱ्यांवरून मोजला. डोंगराच्या वेड्यावांकड्या आकाराचें माप घेण्याचें काम चार्ल्स हटन यानें केलें. बटाट्याच्या चकत्या कराव्या तशा त्यानें कागदावर डोंगराच्या चकत्या केल्या. सारख्या उंचीचीं ठिकाणें रेषांनीं जोडलीं. नकाशांवर आज दिसणाऱ्या समोच्च रेषा त्या कामीं आल्या. १७७८ मध्यें त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पृथ्वीची सरासरी घनता सुमारें साडेचार. पुढें १७९८ मध्यें हेन्री कॅव्हेंडिश यानें बंद खोलींत शिशाच्या गोळ्यांची परस्परांवरील ओढ तोलून साडेपांचाच्या अगदीं जवळचा आंकडा काढला. आजचा मान्य आंकडा ५.५१ आहे.

आतां सह्याद्रीचा काळा पाषाण तोलला तर तो २.९ च्या आसपास भरतो. पृष्ठभागावरील खडक सामान्यतः तीनाच्या आंतबाहेरच. मग सबंध पृथ्वी साडेपांच कशी? वरची साल हलकी असून सरासरी जड, त्या अर्थीं पोटांत फार जड पदार्थ असलाच पाहिजे. ही पाटलीची गोष्ट उलट झाली. पण तो पदार्थ कोणता व किती खोल, हें ५.५१ या एका संख्येनें कळलें नाहीं. त्यास दुसरा साक्षीदार लागला, तो भूकंपाच्या लाटांचा. हिंदुस्थानच्या भूगर्भ-संशोधन खात्यांत काम केलेल्या आर. डी. ओल्डॅम यांनीं १९०६ मध्यें त्या लाटांच्या प्रवासावरून पृथ्वीला निराळा गाभा असल्याचें दाखविलें. तो गाभा मुख्यतः लोखंडाचा आहे, असें आज मानतात.

हिमालयाची हकीकत याहून चमत्कारिक आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखालीं झालेल्या हिंदुस्थानच्या मोजणींत, उत्तरेकडील कलियाना व मध्य हिंदुस्थानांतील कल्याणपूर या दोन ठिकाणांमधील अंतर जमिनीवरून मोजलें तेव्हां एक आलें आणि ताऱ्यांवरून काढलें तेव्हां दुसरें. फरक ५.२३६ विकलांचा. हिमालय ओळंब्याला ओढतो म्हणून हें झालें, असा तर्क करून कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट यांनीं त्या पर्वताच्या ओढीचें गणित केलें. तें १८५५ मध्यें प्रसिद्ध झालें. आश्चर्य असें कीं, फरक १५.८८५ विकला यावयास पाहिजे होता, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट! एवढा प्रचंड पर्वत, पण त्याची ओढ एकतृतीयांश. त्याच वर्षीं ज्योतिषी एअरी यांनीं उलगडा सुचविला : ओंडका पाण्यावर तरंगतांना जसा खालींही बुडालेला असतो, तसा पर्वत पोटांतील घन थरावर हलक्या खडकाचें खोल मूळ सोडून उभा आहे; वरचा उंचवटा जितका ओढतो, तितकी खालच्या हलकेपणामुळें ओढ घटते. प्रॅट यांचा स्वतःचा उलगडा निराळा होता. घोटाळा एकच, अर्थ दोन. निवाडा पुढें इतर पुराव्यांनीं करावा लागला. आज हिमालयाखालीं भूकवच फार जाड आहे हें निश्चित झालें आहे.

अगदीं अलीकडचें उदाहरण बेन्नू या लघुग्रहाचें. त्याची रुंदी सुमारें अर्धा किलोमीटर. २०१८ च्या अखेरीस अमेरिकन यान त्याच्यापाशीं पोंचलें. छायाचित्रांवरून त्याचें आकारमान व यानावरील त्याच्या ओढीवरून वजन काढलें. घनता आली १.१९, पाण्याहून जेमतेम अधिक. कोणताही भरीव खडक इतका हलका नसतो. तेव्हां हा दगड नसून सैल दगडगोट्यांचा ढीग आहे आणि आंत पोकळ्या भरल्या आहेत, असें अनुमान निघालें. २०२० च्या ऑक्टोबरांत यानाचा हात माती उचलण्यास टेंकला, तेव्हां तो सहज आंत शिरला. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळाली.

सारांश, पाटली असो, पर्वत असो कीं आकाशांतील धोंडा असो, घनता ही प्रामाणिक साक्षीदार आहे. परंतु ती एकाच प्रश्नाचें उत्तर देते. 'बाहेरून दिसतें तेंच आंत आहे काय?' असें विचारल्यास ती होय किंवा नाहीं म्हणून सांगेल. 'मग आंत काय आहे?' असें विचारल्यास ती मौन धरते, आणि तिच्या मौनाचा अर्थ आपण आपल्या मनांतील संशयाप्रमाणें लावूं लागतों. प्रॅट व एअरी यांनीं एक घोटाळा पाहून हिंदुस्थानच्या मोजणीदारांस लबाड ठरविलें नाहीं. त्यांनीं पर्वताखालीं काय असेल याचा विचार केला. घरांतही हाच मार्ग श्रेयस्कर होय.

मुलांना सुटींत करण्यास एक सोपा प्रयोग सुचवितों. पांच-सहा बटाटे घेऊन वरील रीतीनें प्रत्येकाची घनता काढावी, बटाट्यांवर आंकडे घालावे, आणि उकडल्यावर कोणता पिठूळ व कोणता चिकट लागतो तें आईला विचारून लिहावें. अधिक घनतेचा बटाटा बहुधा अधिक पिठूळ निघतो, कारण त्यांत पिष्ट अधिक व पाणी कमी असतें. 'बहुधा' हा शब्द मुलांनीं वहींत अवश्य लिहावा.